मधुमेह्याचे मूत्रपिंड आणि रक्तातील होमोसिस्टीन



व्याख्यानमालेच्या चालकांनी जेव्हा आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही सांगितलेले नाव ऐकून ते क्षणभर गप्प झाले. 'होमोसिस्टीन' हा शब्द एका दमात उच्चारणेही कठीण. मग तो ऐकावयास उन्हाळ्याच्या संध्याकाळी घर सोडून कोण येणार, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर दिसली. ती रास्तच होती. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून या व्यासपीठाचा दंडक एकच आहे : विषय कितीही दूरचा असो, तो श्रोत्याच्या उंबरठ्यापर्यंत आणून पोहोचविणे हे वक्त्याचे काम. आमचे काम त्या मानाने सोपे आहे; कारण हा शब्द आपल्या उंबरठ्याच्या आत केव्हाच येऊन बसला आहे. 'संपूर्ण शरीराची तपासणी' या नावाने रक्ताचे साठ-सत्तर आकडे छापलेला कागद आज पालघरला मिळतो, बोईसरला मिळतो. त्या कागदावर एखाद्या आकड्यापुढे चांदणी असते. मधुमेह असलेला माणूस तो कागद घेऊन येतो आणि विचारतो, "डॉक्टरसाहेब, साखर आहे हे ठाऊक होते, पण हे होमोसिस्टीन वाढले आहे म्हणतात, ते काय?" या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्ही आज उभे आहोत. ते देताना आमच्या हातून झालेली एक चूकही सांगावी लागेल. चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचे सांगणे सोपे होईल.

काही वर्षांपूर्वी बोईसरच्या एका कारखान्यात बॉयलरवर काम करणारे एक गृहस्थ आमच्याकडे येत असत. देशावरून नोकरीसाठी इकडे आलेले, गळ्यात तुळशीची माळ, मासमच्छी वर्ज्य. मधुमेह होऊन नऊ-दहा वर्षे झालेली. मेटफॉर्मिनची गोळी सकाळ-संध्याकाळ नियमाने चाललेली. एके दिवशी त्यांनी असाच कागद आणला. होमोसिस्टीन ३१. साधारणपणे लिटरला १५ मायक्रोमोलपर्यंतचा आकडा ठीक मानतात. म्हणजे हा दुपटीवर गेला होता. पायांना मुंग्या येतात, अशीही त्यांची तक्रार होती. आम्ही ब-१२ जीवनसत्त्वाची आणि फॉलिक अ‍ॅसिडची योजना केली. तीन महिन्यांनी आकडा १४ वर आला, मुंग्याही कमी झाल्या. त्यांना आनंद झाला आणि, लपवून काय उपयोग, आम्हांलाही झाला.

दीड वर्षाने ते पुन्हा आले, तेव्हा त्यांचे पाऊल सुजलेले होते. चप्पल पायात जात नव्हती. लघवी तपासली, तर तीत प्रथिन भरपूर; रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले; रक्तदाब १६० च्या वर. मूत्रपिंडाचा विकार हा काही दीड वर्षात उपटलेला नव्हता. पहिला कागद आणला त्या दिवशीही तो तेथे असलाच पाहिजे. परंतु त्या दिवशी आम्ही त्यांची लघवी तपासली नव्हती. आम्ही आकडा पाहिला, आकडा उतरविला, आणि माणूस पाहावयाचा राहून गेला.

आम्ही हे त्यांच्याजवळ कबूल केले. ते रागावले नाहीत. थोडा वेळ थांबून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, प्रेशरचा काटा खाली आला म्हणून आमच्यात कोणी निर्धास्त होत नाही. आम्ही आधी गेज ग्लासात पाणी किती आहे ते बघतो." बॉयलरला एक काचेची नळी लावलेली असते; आतले पाणी तीत प्रत्यक्ष डोळ्यांना दिसते. काटा काहीही सांगो, आधी पाणी पाहावयाचे, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. आमच्या धंद्यातलाही तो असावयास हवा होता. आजच्या व्याख्यानाचे सारे सार त्या एका वाक्यात आहे. आम्ही फक्त त्याचा विस्तार करणार आहोत.

प्रथम मूत्रपिंडाकडे वळू. पाठीच्या कण्याच्या दोहो बाजूंस मुठीएवढी ही दोन इंद्रिये. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या. चोवीस तासांत या गाळण्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतला जाऊन लघवी होते ती जेमतेम दीड-दोन लिटर. सातपाटीच्या कोळ्याला जाळ्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. पाणी निसटून जावे, मासा राहावा, यासाठी छिद्रे नेमक्या मापाची हवीत. मूत्रपिंडाच्या जाळ्यातून पाणी, क्षार आणि नको असलेली द्रव्ये जावीत. पण अल्ब्युमिन नावाचे मोलाचे प्रथिन रक्तातच राहावे, अशी निसर्गाची योजना आहे. मधुमेहात वर्षानुवर्षे साखर चढी राहिली आणि तिच्या जोडीला रक्तदाबाचा दट्ट्या बसत राहिला, की हे जाळे जून होते, त्याची वीण सैल पडते. प्रथम थोडे अल्ब्युमिन निसटते, मग अधिक. आणि पुढे एकेक गाळणी व्रण पडून बंद होऊ लागते. किमेलस्टील आणि विल्सन या दोघा वैद्यांनी १९३६ मध्ये अशा मूत्रपिंडाचे सूक्ष्मदर्शकाखालील चित्र वर्णन केले.

या विकाराचा दुष्टपणा असा, की तो दुखत नाही. दात दुखतो, पोट दुखते. हे जाळे विरताना अवाक्षर काढीत नाही. पाय सुजेपर्यंत, भूक जाईपर्यंत, दम लागेपर्यंत माणसाला पत्ता नसतो. आणि मग डायलिसिस : आठवड्यातून बहुधा तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास, यंत्राला जोडून घेऊन पडून राहावयाचे. ज्याच्या घरात हे चालले आहे, त्याला त्याचा अर्थ आम्ही सांगावयास नको. पाळी करून घर चालविणाऱ्या कामगाराचे आठवड्यातले तीन दिवस गेले म्हणजे काय होते, हे या सभागृहात पुष्कळांना ठाऊक असेल. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या सर्वांचे मूत्रपिंड बिघडेल असे मुळीच नाही. पण ज्यांचे बिघडेल, त्यांना ते आधी कळावे, एवढी तरी आपली इच्छा असावी.

आता होमोसिस्टीन. आपण दूध पितो, डाळ खातो, मासळी खातो. त्यांतील प्रथिनांत मेथिओनिन नावाचा एक घटक असतो. शरीर त्याचा उपयोग करून घेते, आणि उपयोग झाल्यावर जे उरते ते होमोसिस्टीन. रहाटगाडग्याची कल्पना करा. भरलेले गाडगे वर येऊन पाणी ओतते, तो मेथिओनिन. रिकामे होऊन खाली जाते, ते होमोसिस्टीन. रिकामे गाडगे पुन्हा भरले की त्याचे मेथिओनिन होते. हे भरण्याच्या कामाला दोन जीवनसत्त्वे लागतात : ब-१२, ज्याला औषधाच्या दुकानात आपण 'बी-ट्वेल्व' म्हणतो, आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या जातीचे फोलेट. काही होमोसिस्टीन दुसऱ्या वाटेने वळते आणि ब-६ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने त्याचे सिस्टीन बनते. यांतली एखादी वाट अडली, की रिकामी गाडगी साचू लागतात. रक्तात होमोसिस्टीन वाढले म्हणतात, ते हे.

या द्रव्याचा शोध जुना आहे. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये ते दाखविले. पुढे १९५५ मध्ये त्याला गंधकयुक्त द्रव्यांवरील कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु वैद्यांचे लक्ष त्याकडे गेले ते १९६२ मध्ये, जेव्हा उत्तर आयर्लंडमध्ये काही मतिमंद मुलांच्या लघवीत ते विलक्षण प्रमाणात सापडले. पुढे किल्मर मॅककली या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने अशा मुलांच्या रक्तवाहिन्या पाहिल्या. कोवळ्या वयातच त्या म्हाताऱ्या माणसासारख्या कठीण झाल्या होत्या. १९६९ मध्ये त्याने विचार मांडला, की रक्तवाहिन्या कठीण होण्यामागे कोलेस्टेरॉलप्रमाणे होमोसिस्टीनचाही हात असावा. १९६९ हे साल आपल्या भागाला विसरता येणार नाही. त्याच वर्षी तारापूरचे अणुवीज केंद्र वीज देऊ लागले. मॅककलीच्या कल्पनेला मात्र प्रकाश पडावयास बरीच वर्षे लागली. मग इतका प्रकाश पडला, की डोळे दिपले.

हा इतिहास आपल्यापासून फार दूरचा आहे असे समजू नका. आपण ज्या पश्चिम रेल्वेने मुंबईस जातो, त्या मुंबईत याचा एक महत्त्वाचा अध्याय घडला. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज विदुषी १९२८ मध्ये मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका बाळंतपणाच्या सुमारास पांढऱ्याफटक पडत, कित्येक दगावत. त्याचे कारण त्यांना शोधावयाचे होते. पुष्कळ खटपटीनंतर त्यांना आढळले, की यीस्टपासून केलेल्या 'मार्माइट' नावाच्या स्वस्त पदार्थाने या बायका सुधारतात. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक कोणता, हे तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढण्यात आला आणि पानाला असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड हे नाव मिळाले. परळच्या गिरणीतील बायकांची उपासमार आणि आज आपल्या हातातील कागदावरची चांदणी, ही एकाच कथेची दोन टोके आहेत.

दुसरा अध्याय पुण्याचा. तेथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी मध्यम वयाच्या ४४१ पुरुषांची तपासणी केली. काही खेड्यांतले, काही झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गातले. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभरांत ६७ जणांमध्ये ब-१२ कमी. शंभरांत ५८ जणांमध्ये होमोसिस्टीन १५ च्या वर. आता आपण म्हणाल, झोपडपट्टीतल्या माणसाला खावयास मिळत नाही, तेथे असे होणारच. पण नाही! शहरी मध्यमवर्गात ब-१२ ची उणीव शंभरांत ८१ आणि होमोसिस्टीनची वाढ शंभरांत ७९. म्हणजे पाटरांगोळी असलेल्या घरातच कमतरता अधिक! वारंवार मासमच्छी खाणाऱ्यांच्या मानाने शाकाहारी लोकांना ब-१२ कमी असण्याचा धोका चौपटीहून जास्त निघाला. आणि लक्षात ठेवण्याची गोष्ट ही, की आपल्याकडे होमोसिस्टीन वाढण्यास फोलेटची उणीव फार थोडी कारणीभूत ठरली. मुख्य दोष ब-१२ चा. हिरवी भाजी आपण खातो. ब-१२ भाजीत नसते. ते दुधात, दह्यात, अंड्यात, मासळीत असते. तिसऱ्यांत, शिंपल्यांत तर विपुल असते.

तेव्हा आपल्या भागातील मधुमेह्याच्या रक्तात हा आकडा वाढला, तर त्याची कारणे तीन असू शकतात. ती नीट वेगळी करू.

पहिले कारण आहार, ते आताच सांगितले. दुसरे कारण औषध. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे जुने, स्वस्त आणि गुणकारी औषध आहे; त्याची निंदा आम्हांस करावयाची नाही. परंतु ते दीर्घकाळ घेतले, की आतड्यातून ब-१२ शोषले जाण्यात अडथळा येतो. हॉलंडमध्ये इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेह्यांना सव्वाचार वर्षांहून अधिक काळ मेटफॉर्मिन अथवा नुसती लटकी गोळी देऊन पाहिले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मेटफॉर्मिनवाल्यांचे ब-१२ सुमारे १९ टक्क्यांनी खाली गेले. त्याची जन्माची उणीव आणि ही औषधाची उणीव एकत्र आली, म्हणजे आमच्या त्या माळकरी बॉयलरवाल्यांची स्थिती होते.

तिसरे कारण मूत्रपिंड. मूत्रपिंडाचे काम मंदावले, की रक्तातील होमोसिस्टीन चढते. गाळण्याचा वेग जितका कमी, तितका हा आकडा जास्त, असे नाते पुष्कळ ठिकाणी दिसून आले आहे. मूत्रपिंड पार निकामी झालेल्यांत तर बहुतेकांचा आकडा चढलेलाच असतो. होमोसिस्टीन जास्त असलेल्यांच्या लघवीत पुढे अल्ब्युमिन दिसू लागण्याचा संभव अधिक, असे हॉलंडमधील होर्न या गावच्या पाहणीत २००१ मध्ये आढळले. आता आपल्या ध्यानात आले असेल, की कागदावरची चांदणी एक. पण ती सांगते काय, ते तीन तऱ्हांचे असू शकते. पोट रिकामे आहे, असे ती सांगत असेल. औषधाने ब-१२ खाल्ले, असे सांगत असेल. किंवा गाळणी विरू लागली आहे, असे सांगत असेल. आणि कधी कधी तिन्ही.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. होमोसिस्टीन वाढल्यामुळे मूत्रपिंड बिघडते, की मूत्रपिंड बिघडल्यामुळे होमोसिस्टीन वाढते? चोर कोण आणि बोंब मारणारा कोण? प्रयोगशाळेत होमोसिस्टीन रक्तवाहिन्यांच्या अस्तराला त्रास देते, हे दिसते. म्हणून पुष्कळांनी ठरविले, की तेच चोर. आणि त्याला पकडणे तर किती सोपे! तीन जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, की आकडा उतरतो. मग गोळ्या द्या आणि मूत्रपिंड वाचवा! तर्क निर्दोष दिसतो. परंतु वैद्यकात तर्काला प्रत्यक्षाच्या दरबारी हजेरी द्यावी लागते.

कॅनडात पाच रुग्णालयांतून मधुमेहामुळे मूत्रपिंड बिघडलेले २३८ रुग्ण घेतले. निम्म्यांना रोज मोठ्या मात्रेत फॉलिक अ‍ॅसिड, ब-६ आणि ब-१२ दिले. निम्म्यांना लटकी गोळी. २०१० मध्ये फळ हाती आले. होमोसिस्टीन उतरले, अगदी अपेक्षेप्रमाणे उतरले. पण मूत्रपिंड? तीन वर्षांत गाळण्याचा वेग लटक्या गोळीवर मिनिटाला सुमारे १०.७ मिलिलिटरने घटला, तर जीवनसत्त्वांवर १६.५ ने घटला. म्हणजे औषध घेणाऱ्यांचे मूत्रपिंड अधिक झपाट्याने खालावले! हृदयाचे व मेंदूचे झटकेही त्यांच्यात सुमारे दुप्पट. श्रोतेहो, काटा खाली आला आणि बॉयलर अधिक बिघडला. असे का झाले, याविषयी वेगवेगळी मते आहेत. बिघडलेल्या मूत्रपिंडातून या मोठ्या मात्रा नीट बाहेर पडत नसाव्यात, असा एक संशय आहे. त्याआधी २००७ मध्ये अमेरिकेतील दोन हजारांवर निवृत्त सैनिकांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांचे मूत्रपिंड फार बिघडलेले होते. तेथेही होमोसिस्टीन चतुर्थांशाने उतरले; मृत्यूंची संख्या मात्र तेवढीच राहिली.

मग जीवनसत्त्वे वाईट काय? घाई करू नका. चीनमध्ये रक्तदाब असलेल्या पंधरा हजारांवर लोकांत दुसरा प्रयोग झाला. रक्तदाबाच्या एनालाप्रिल या गोळीबरोबर काहींना फॉलिक अ‍ॅसिड दिले, तेही माफक, ०.८ मिलिग्रॅम. २०१६ मध्ये निष्कर्ष आला, की ज्यांना ते मिळाले, त्यांच्यात मूत्रपिंडाचा विकार वाढण्याचे प्रमाण २१ टक्क्यांनी कमी. ज्यांचे मूत्रपिंड आधीच थोडे बिघडले होते, त्यांना लाभ अधिक. तेथील अन्नात फॉलिक अ‍ॅसिड घालण्याची पद्धत नव्हती. कॅनडात पिठात ते आधीच मिसळलेले असते. एके ठिकाणी कोरड्या शेताला पाणी मिळाले, दुसऱ्या ठिकाणी भरलेल्या वाफ्यात पाट सोडला. कोरड्याला पाणी द्यावे. चिखलात ओतू नये. सारासार विचार करणाऱ्या शेतकऱ्याला यात नवे ते काय?

आणखी एक इशारा पुण्याकडूनच आला. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका व त्यांची मुले यांचा अभ्यास डॉ. याज्ञिक यांनी चालविला. ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण ब-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. ती प्रवृत्ती म्हणजे मधुमेहाची पूर्वसूचना. गाडीचे एकच चाक वंगणाने माखून दुसरे कोरडे ठेवले, तर गाडी सरळ चालत नाही. म्हणून ब-१२ न पाहता फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांचा मारा करणे बरे नव्हे.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा. होमोसिस्टीन हा काटा आहे. तो चोर आहे की नाही, हा वाद पंडितांनी करावा. आपण मात्र त्याला बोंब मारणारा समजावे. त्याने बोंब मारली, की धावून जावे, पण त्याचे तोंड दाबण्यासाठी नव्हे. घरात काय झाले, ते पाहण्यासाठी. नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी आमच्यासारखी गत होते.

घरात जाऊन पाहावयाचे ते काय? तीन गोष्टी. एक, लघवीतील अल्ब्युमिन. हीच आपली काचेची नळी. साध्या लघवीच्या पट्टीवर उशिरा दिसणारे थोडेसे अल्ब्युमिन मोजण्याची रीत १९६३ मध्ये लंडनला हॅरी कीन व त्यांच्या सहकाऱ्याने दाखविली. १९८४ मध्ये डेन्मार्कच्या मोगेन्सेन यांनी दाखवून दिले, की प्रौढ मधुमेह्यात हे थोडेसे अल्ब्युमिनच पुढल्या संकटाची वर्दी देते. आज सकाळच्या थोड्या लघवीत अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे प्रमाण काढतात. ते ग्रॅमला ३० मिलिग्रॅमच्या आत असावे. त्यावर गेले, तर तीन ते सहा महिन्यांत पुन्हा पाहून खात्री करावी. कारण ताप, लघवीतला जंतुदोष किंवा भारी श्रम यांनीही ते तात्पुरते वाढते. प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात ही तपासणी रोग कळल्या दिवसापासून दरवर्षी व्हावी. दोन, रक्तातील क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला गाळण्याचा वेग. तीन, रक्तदाब. यांतले काहीही अवघड नाही, आणि रक्तदाब मोजावयास तर प्रयोगशाळाही लागत नाही.

आणि सापडले तर काय? येथे आजच्या वैद्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे, जे आमच्या गुरूंच्या जवळ नव्हते. रक्तदाब १३०/८० च्या आत आणणे, साखर आवरणे, तंबाखू व विडी सोडणे, हे पाया. लोसार्टनच्या जातीची औषधे रक्तदाबाबरोबर गाळणीलाही जपतात, हे २००१ मध्ये सिद्ध झाले. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी नवी औषधे निघाली. त्यांतल्या एकाने मूत्रपिंड निकामी होण्याचा व त्यासारख्या संकटांचा धोका ३० टक्क्यांनी कमी केला, हे २०१९ मध्ये ४,४०१ रुग्णांत दिसले. या जातीच्या डापाग्लिफ्लोझिन या औषधाच्या पेटंटची मुदत आपल्याकडे २०२० मध्ये संपली आणि ते स्वस्तात मिळू लागले. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेणे सोडावे. पाळीवरून आलेला कामगार कंबर दुखते म्हणून त्या मूठमूठ घेतो आणि गाळणीवर घाव घालतो. मीठ कमी करावे. येथे किनाऱ्यावरच्या आमच्या मित्रांना एक विनंती : ताजी मासळी जरूर खा, ब-१२ चे ते भांडार आहे, पण खारवलेली मासळी, लोणचे आणि पापड रक्तदाब वाढवितात, त्यांना आवर घाला.

ब-१२ चे म्हणाल, तर जो मधुमेही शाकाहारी आहे आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेतो, त्याने ते अधूनमधून तपासून घ्यावे. कमी असेल, तर भरून काढावे. ते करावयाचे हातापायांच्या मज्जातंतूंसाठी, रक्तासाठी, बुद्धी ताजी राहावी यासाठी. मूत्रपिंड वाचविण्याचे श्रेय त्याला देऊन लघवीची तपासणी टाळू नये. आणि आमचे हे भाषण ऐकून कोणी आपले औषध आपणच बंद करू नये अथवा सुरू करू नये, हे हात जोडून सांगतो.

आमच्या त्या बॉयलरवाल्या स्नेह्यांचे पुढे काय झाले, असे आपल्या मनात असेल. त्यांचा रक्तदाब आवरला, औषधे बदलली, माळ आणि भजन तसेच राहिले. गेलेल्या गाळण्या परत आल्या नाहीत. त्या येत नसतात. पण उरलेल्या अजून टिकून आहेत, आणि डायलिसिसच्या खाटेपासून ते अद्याप दूर आहेत. दीड वर्ष आधी आम्ही लघवीची बाटली मागितली असती, तर अधिक वाचले असते. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो; ही चूक आमच्या हातून पुन्हा घडू नये, म्हणून ती आज आपल्यापुढे उघड केली.

आपण घरी जाल, तेव्हा कपाटातला तो कागद एकदा काढून पाहा. होमोसिस्टीनपुढे चांदणी आहे की नाही, हे नंतर पाहा. लघवीतल्या अल्ब्युमिनची ओळ त्या कागदावर आहे का, ते आधी पाहा. नसेल, तर उद्या आपल्या डॉक्टरांस विचारा. ते विसरले असतील. आम्ही विसरलो होतो.